दोडकेकाकांचं खरं नाव

प्रिय घुमे,

तुला घुमी म्हणणारं माणूस जगात एकच आहे. तेव्हा मेल दोडकेकाकांच्या पत्त्यावरून आला असला, तरी लिहितंय कोण हे तुला पहिल्याच शब्दाला कळलं असेल. होय, मी आई. दोडकेकाका म्हणजे मीच, अगदी पहिल्या दिवसापासून. आता खुर्चीवरून उठू नकोस. मेल बंद करू नकोस. आणि हा वाचून होईपर्यंत तुमच्या प्रोग्रामचा तो रेपो उघडू नकोस, तुला माझी शपथ आहे. शपथ घालायचा हक्क मला उरलाय का, ते आपण मागाहून बघू.

घात झालाय गं. तुमच्या त्या सामायिक रेपोत आज दुपारी एक नोंद गेली आहे आणि तिच्यावर दोडका हे नाव नाही. माझं आहे, अख्खं, मधल्या नावासकट आणि आडनावासकट. ती बघितल्यावर तुझ्या मनात पहिल्यांदा काय येईल ते मला तोंडपाठ आहे. आईने पुन्हा माझ्या पाठीमागे नसते उद्योग केले, हेच ना? आणि मग तू दोडक्यालाही हाकलून देशील. फोन तू केव्हाच बंद करून टाकलास, नवा पत्ता मला कुणी सांगत नाही. हे एवढं एकच दार किलकिलं राहिलं होतं, तेही परक्या पुरुषाचं सोंग घेऊन. ते लागलं तर माझी मुलगी बरी आहे की नाही हे कळायला मला दुसरी जागा नाही. जन्मभर टायपिंग करून पोट भरलं आणि आज एक वाक्य सरळ उमटत नाहीये.

झालं असं, की माझा जुना कंप्युटर बसला आणि मी नवा आणला. तूच काकांना शिकवलं होतंस, की आपल्या घरच्या कंप्युटरवरचं प्रोग्रामचं फोल्डर म्हणजे नुसती आपली प्रत, आणि रेपो म्हणजे सगळ्यांचं मिळून एक कपाट. आधी आपली प्रत त्या कपाटाला जोडून घ्यायची. मग बदल करायचा, काय केलं त्याची चिठ्ठी लावून नोंद करायची, ती कमिट. आणि नोंद वर कपाटात ढकलायची, तो पुश. नोंदीवर नाव कुणाचं पडणार, तेही कंप्युटरला सुरुवातीला एकदा सांगून ठेवायचं असतं. नव्या कंप्युटरने नाव विचारलं आणि बोटांनी सवयीने खरं नाव बडवलं. मी बघितलंसुद्धा नाही. ढकलून मोकळी झाले, आणि मग पडद्यावर वाचते तो काय!

मग जी तारांबळ उडाली ती विचारू नकोस. वर गेलेलं मागून ओढून काढायचं नाही, इतरांच्या प्रतींची वाट लागते, हे तू काकांना बजावून ठेवलं होतंस. चुकलं तर ते उलटवणारी नवी नोंद वर ठेवायची. म्हणून ठेवली. तर तिच्यावरही माझंच नाव! चोराने पावलांचे ठसे पुसायला चिखलाच्या पायांनीच जावं, तसं झालं. मग नाव बदलून पुन्हा दोडका केलं, पण आधीच्या दोन्ही नोंदी जागच्या जागी. स्वयंपाकघरात फेऱ्या मारल्या, पाणी प्यायले, देवाला हात जोडले, परत येऊन बघितलं. नाव हलायला तयार नाही.

मी तुझ्या पाळतीवर होते असं मात्र समजू नकोस. सगळं सुरू झालं त्या डोळ्यांच्या दवाखान्यात. दाराशी एक पडदा लावलाय, त्यावर नाव टाकलं की नंबर मिळतो. मी नाव टाकलं, तर पडदा म्हणतो, "नाव अपूर्ण. बाजूला व्हा." माझं डोकंच फिरलं. बाजूला व्हा म्हणजे? मी काय भीक मागायला आले होते? कंपाउंडरला फैलावर घेतलं, तर तो म्हणाला, आजी, हा फुकटचा प्रोग्राम आहे, कुणी बाईने बनवलाय, खाली नाव आहे, तिलाच काय ते सांगा. तपासून निघताना ते नाव बघायला गेले, तर डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं सगळं धुरकट. शेजारच्या गृहस्थांना वाचायला सांगितलं आणि त्यांनी तुझं नाव वाचलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांना वाटलं औषध झोंबलं, त्यांनी रुमाल पुढे केला. मी तो घेतला.

घरी येऊन शोधत शोधत तुमच्या पानावर पोचले. वाटेल त्याने दुरुस्ती सुचवावी, असं तिथे लिहिलं होतं. नाव मागितलं. जे जे टाकावं ते आधीच कुणीतरी घेतलेलं. समोर ताटलीत दोडका चिरून ठेवला होता, तोच टाकला. घरात लाडकं-दोडकं असतं त्यातली मी कोण, हेही मनात होतंच. तर तू लगेच उलट लिहिलंस, "नमस्कार दोडकेकाका!" आता सांग, त्या वेळी मी काय करायचं होतं? खरं नाव सांगितलं असतं तर तू दुसरी ओळ लिहिली असतीस का?

आणि काय गोड बोलतेस गं तू परक्यांशी! माझी प्रत कपाटाला काही केल्या जुळेना. कधी म्हणे किल्ली चुकीची, कधी म्हणे असा रेपोच नाही. कंप्युटर लाल अक्षरांत खेकसत होता आणि तू मात्र, "काका, घाबरू नका, सगळ्यांचं पहिल्यांदा असंच होतं, आपण परत सुरुवातीपासून करू." अख्खी दुपार माझ्यासाठी घालवलीस. मला मोबाइल शिकवताना तर दुसऱ्या मिनिटाला हातातून हिसकावून घ्यायचीस, "दे इकडे, तुला नाही जमायचं." जुळलं तेव्हा तू टाळ्यांचं चित्र पाठवलंस. मला हसू येत होतं, जळफळाटही होत होता, आणि खुर्चीतून उठवत नव्हतं.

मग मला नादच लागला. "बाजूला व्हा" होतं तिथे मी केलं, "जरा थांबा, नाव पूर्ण दिसत नाही, पुन्हा एकदा टाकाल का?" "उशीर झाल्यामुळे नंबर रद्द" होतं तिथे केलं, "तुमचा नंबर पुढे गेला, काळजी नको, नवा घ्या." प्रत्येक बदल तू वाचायचीस, एखादा शब्द इकडचा तिकडे करायचीस आणि आत घ्यायचीस. एकदा लिहिलंस, "काका, तुम्हाला माणसांशी मायेने बोलता येतं. तुमच्या घरचे नशीबवान." ते वाचून मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले. आपल्या घरात कोण कुणाशी कसं बोलायचं, हे तुला माहीत आणि मला माहीत. तुझे बाबा म्हणायचे, या घरात सुरी वेगळी आणायची गरज नाही, मायलेकींच्या जिभा आहेत. ते गेले आणि मधे पडायलाही कुणी उरलं नाही.

लहानपणी तू अशी नव्हतीस. शाळा सुटल्यावर माझ्या ऑफिसात यायचीस आणि टेबलाखाली बसून बिघडलेल्या कागदांवर खेळायचीस. साहेब आले तरी चूं करायची नाहीस. म्हणून तर घुमी. सगळं मनात ठेवायचं आणि एक दिवस एकदम बाहेर काढायचं. तुझा संसार मोडायला आला तेही तू मला सांगितलं नाहीस, मला जावयाकडून कळलं. मग मी त्याला घरी बोलावला. तुला न विचारता बोलावला, हे खरं. मला वाटलं, समोरासमोर बसाल, दोन शब्द बोलाल, निवळेल. तू दार उघडलंस, तो हॉलमध्ये बसलेला दिसला, आणि तू चपलासुद्धा न काढता मागे वळलीस. जिन्यावरून एवढंच म्हणालीस, "तू माझ्या पाठीमागे गेलीस." त्यानंतर तुझा आवाज मी ऐकलेला नाही. त्याने तुझ्यावर हात उचलला होता हे मला फार उशिरा कळलं, तेही तिऱ्हाइताकडून. सांगितलं असतंस तर मी त्याला उंबरा ओलांडू दिला असता का गं? पण राहू दे, तो विषय आज नको.

सांगायचं एवढंच, की दोडक्याच्या जिवावर मी दिवस काढले. काकांना लिहिताना तू मधेच काहीबाही सांगायचीस आणि मी ते गोळा करून ठेवायचे. तुझ्या खोलीत ऊन येत नाही. वरच्या मजल्यावरचा माणूस पहाटे फर्निचर सरकवतो. तू स्वयंपाक करत नाहीस, पाव खाऊन झोपतेस. आई म्हणून जे जे बोलायचं ते गिळून काका म्हणून, "वा, छान," एवढंच लिहायचं, याच्याइतकं अवघड काम मी आयुष्यात केलं नाही. एकदाच सुटलं. तुझा आवाज बसलाय असं तू लिहिलंस आणि मी लिहून गेले, की गळ्याला मफलर बांध, गरम पाणी पी, अंगावर काढू नकोस. तुझं उत्तर आलं, "काका, अगदी माझ्या आईसारखं बोललात." आणि खाली दोन ओळी मोकळ्या सोडून, "पण तो विषय नको." मग कितीतरी दिवस तुझं अक्षर नाही. मी दर थोड्या वेळाने पान उघडून बघायचे. आपल्या वरच्या मजल्यावरची वहिनी म्हणाली, तुम्हाला झालंय काय, दूध उतू जातंय आणि तुम्ही कंप्युटरसमोर. तिला काय सांगणार?

आणि आता हे नाव. इतका वेळ मी भलतंच काय काय लिहीत बसलेय, कारण पुढचं लिहायला हात होत नाहीये.

खरं सांगते. जुना कंप्युटर ठणठणीत आहे, त्याच्यावरच हे लिहितेय. नवाबिवा काही आणलेला नाही. तुझा काकांना मेल आला, की गळ्यात गाठ निघालीय, गुरुवारी काढायची आहे, म्हणून काही दिवस रेपोची किल्ली तुमच्याकडे, तुमचे बदल मला न विचारता थेट वर ढकला. गाठ कसली आहे ते लिहिलं नाहीस. मग हॉस्पिटलचं नाव, आणि शेवटी जाता जाता सांगावं तसं, की ते लोक सोबतच्या माणसाचं नाव मागतात, मी सांगितलं घरचं कुणी नाही, तुम्ही जवळपास असाल तर तासभर येऊन बसाल का, नाही जमलं तरी चालेल. काका यायचे कुठून गं? नाही म्हणावं तर तू एकटी आत जाणार. हो म्हणावं तर काकांची वाट बघत तू बसलेली आणि समोर मी उभी, म्हणजे पुन्हा तेच, तेही भूल द्यायच्या आधी. म्हणून आज एक स्वल्पविराम इकडचा तिकडे केला, नावाच्या जागी जाणूनबुजून माझं नाव घातलं आणि ढकललं, म्हणजे यावेळी तरी तुला आधी कळावं. ढकलल्यावर मात्र धीर सुटला, पुसापुशी केली, वर ते नव्या कंप्युटरचं खोटंही लिहिलं. ते आता तसंच राहू देते. गुरुवारी सकाळी मी हॉस्पिटलच्या दाराशी असेन. बोलावलंस तर आत येईन आणि तोंडातून एक शब्द काढणार नाही. नाही बोलावलंस तर बाहेर बाकावर बसेन, तू शुद्धीवर आलीस एवढं नर्सने सांगितलं की निघून जाईन. सोबतच्या माणसाच्या जागी काका लिही, शेजारीण लिही, ओळखीची बाई लिही, काय वाटेल ते लिही. पण कुणी नाही असं लिहू नकोस गं. मी आहे.

तुझीच,
आई