त्यागमूर्ती म्हणे!

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

त्यागमूर्ती! मला!

सकाळी इथल्या, भोपाळच्या मराठी मंडळाचे शंकरराव आणि सेक्रेटरी प्रतिभा येऊन बसले. महिला दिनाच्या कार्यक्रमात माझा सत्कार करायचं ठरलंय. शाल, श्रीफळ, मानपत्र. इथवर ऐकून छाती फुगली, खोटं कशाला सांगू! इतकी वर्षं मंडळानं मला खुर्च्या लावायला बोलावलं, मसालेभाताच्या पातेल्यापाशी उभं केलं, पण स्टेजवर कधी चढवलं नव्हतं. मग प्रतिभानं मानपत्र वाचून दाखवलं— "त्यागमूर्ती सरोजताई वैरागडे! पितृछत्र हरपल्यावर विसाव्या वर्षी नोकरी पत्करून, स्वतःच्या सुखाची होळी करून, अविवाहित राहून धाकट्या भावाला..."

होळी! मी म्हटलं, "अगं, होळी कुणी केली?"

"ताई, तसं लिहायची पद्धत असते."

"मग कर्तबगार लिहा ना! मंत्रालयात कारकून म्हणून लागले, अनुभाग अधिकारी, म्हणजे सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झाले. माझ्या टेबलावरून कधी एक फाइल गहाळ झाली नाही."

शंकरराव घसा खाकरून म्हणाले, "ताई, कर्तबगार डॉक्टरबाईंना दिलाय. आणि फ्लेक्स छापायला गेलासुद्धा."

झालं! फ्लेक्सपुढे कुणाचं काय चालतं? चहा दिला, चकल्या दिल्या, हो म्हटलं.

५ फेब्रुवारी

प्रतिभाचा फोन— शाल कोणत्या रंगाची हवी? म्हटलं, राखाडी सोडून कोणतीही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भावाकडे, अशोककडे गेले होते, अशोका गार्डन वस्तीत. दिवाळीनंतर त्याला पॅरालिसिसचा अ‍ॅटॅक आला, उजवी बाजू गेली. आता काठी धरून बाथरूमपर्यंत जातो, पण पलंगावरून उठवायला माणूस लागतं. कांचनचे— म्हणजे त्याच्या बायकोचे— गुडघे कामातून गेलेले. सगळा भार श्रुतीवर. एकुलती एक पोर, सत्तावीस वर्षांची. सकाळी बाबांना उठवायचं, आंघोळ, व्यायाम, मग म्युझियममध्ये नोकरीला पळायचं. जुनी विरलेली कापडं सांधून जपून ठेवायचं तिचं काम. शंभर वर्षांपूर्वीचं लुगडं तिनं असं सांधलंय की टाका शोधून सापडत नाही! मी स्वतः चष्मा लावून शोधलाय.

तर बातमी अशी, की तिला ग्लासगोला बोलावलंय. स्कॉटलंडला! तिथल्या एका संग्रहालयात दोन वर्षं काम आणि शिक्षण, सगळा खर्च त्यांचा. मी तिला तिथेच, स्वयंपाकघरात मिठी मारली. माझी भाची! पण घरात कुणी गेल्यासारखी शांतता. कांचन पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "जायचं कसं, ताई? ह्यांना कोण बघणार? आजकाल ज्याला त्याला आपलं सुख पाहिजे." आणि मग श्रुतीकडे वळून, "आत्याकडे बघ जरा. त्यांनी केला कधी स्वतःचा विचार? म्हणून तर आज चार लोक मान देताहेत."

श्रुती माझ्याकडे बघायला लागली. मी आपली पोळ्यांना तूप लावत राहिले.

१२ फेब्रुवारी

सकाळपासून डोकं भणभणतंय. निदान इथे तरी खरं लिहावं.

बाबा नागपूरहून सरकारी ऑफिसाबरोबर भोपाळला आले आणि इथेच गेले. तेव्हा मी विसाची, अशोक पंधराचा. बाबांच्या जागी मला चिकटवलं. पहिल्या दिवशी ऑफिसात रडवेली होऊन गेले, ते खरंय. पण महिन्याभरात! माझं टेबल, माझा शिक्का, माझी सही. माझ्या दुप्पट वयाचे बाबू विचारायला यायचे, "मैडम, इसमें क्या लिखें?" मी लुना घेतली तेव्हा गल्लीतल्या बायका दारात येऊन बघायच्या, मग मी मुद्दाम दोनदा हॉर्न वाजवायची. अशोकनं कुठल्या कॉलेजात जायचं ते मी ठरवलं. आईसुद्धा आज भाजी कोणती करू ते मला विचारायची. काय रुबाब होता माझा!

ग्वाल्हेरचं स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, दिसायलाही बरा. त्याच्या आईनं पोह्यांची बशी हातात घेत विचारलं, "नोकरी सोडाल ना?" नको, असं सांगायचं होतं. पण 'मला नको' हे मुलीच्या तोंडून तेव्हा कोण ऐकून घेणार! मी म्हटलं, अशोकचं शिक्षण व्हायचंय. त्या बाईंनी डोळ्याला पदर लावला. ते गेल्यावर मी उरलेले पोहे उभ्या उभ्या संपवले, इतकी भूक लागली होती! पुढे उज्जैनचं स्थळ आलं, त्यांनाही तेच उत्तर दिलं. तेही हात जोडून गेले.

आणि आता म्हणे होळी!

१६ फेब्रुवारी, रविवार

श्रुती आली होती. हा माझा बाग सेवनिया वस्तीतला फ्लॅट तिला फार आवडतो. मलाही. रिटायर झाल्यावर घेतला— तिसरा मजला, दारावर फक्त माझं नाव. दुपारी मी रेडिओ लावून जमिनीवर आडवी होते आणि कुणी हाक मारत नाही. आयुष्यभर हाका मारणाऱ्यांच्यात राहिल्यावर ही चैन काय असते ते मलाच ठाऊक.

बाल्कनीत बसून म्हणाली, "आत्या, मी नाही कळवून टाकते. दहा मार्चपर्यंत सांगायचंय."

"तुला जायचंय ना पण?"

"जाना तो है यार, आत्या! पण माझं सुख काय बाबांपेक्षा मोठं आहे? तू केलंसच ना? मग मी काय इतनी स्पेशल आहे?" मग जरा थांबून, "एक विचारू? सुरुवातीला खूप त्रास झाला का गं? मग होते सवय?"

डोळे लाल झाले होते पोरीचे. सोसायचं कसं ते शिकायला आली होती माझ्याकडे! मी एवढंच म्हणायचं होतं, की बाई, मी सोसलं नाही, मला मजा आली. जिभेवर आलं होतं. पण ती शाल आडवी आली— अजून अंगावर पडली नाही, तरी आडवी आली! मी तिला थालीपीठ वाढलं आणि म्हटलं, खा.

ती गेल्यापासून चिडचिड होतेय. सुख मोठं की कर्तव्य, यावर कांचन बोलते, श्रुती बोलते, त्या श्रुतीच्या मैत्रिणी फोनवर बोलतात— तू फक्त स्वतःला खूश ठेव म्हणे. मला हे कधी निवडावंच लागलं नाही. माझी दोन्ही एकाच लुनावर बसून गेली. मग साक्षीदार म्हणून मला का उभी करतात?

२ मार्च

भाषण लिहिलं. झकास झालंय! "मी काही विशेष केलं नाही, कोणत्याही बहिणीनं हेच केलं असतं..." मोठ्यानं वाचलं, तर मलाच खरं वाटायला लागलं. घडी घालून ठेवून दिलं.

८ मार्च, शनिवार

कांचनचा फोन. कार्यक्रम सोयीसाठी उद्या रविवारी, अशोकला व्हीलचेअरवर आणणार आहेत. "श्रुती नाही जात, ताई. सोमवारी कळवतेय. तुमच्यामुळे शहाणी झाली हो पोरगी!"

जेवण गेलं नाही.

९ मार्च, रविवार

करून बसले!

हॉल भरलेला. फ्लेक्सवर माझा चेहरा परातीएवढा, आणि वर ते त्यागमूर्ती. शाल जांभळी, सुरेख. प्रतिभानं मानपत्र वाचलं. होळीपाशी तिचा आवाज भरून आला, पुढच्या रांगेतल्या बायकांनी रुमाल काढले. अशोक चाकाच्या खुर्चीत मान खाली घालून बसला होता. लहानपणापासून माझ्यासमोर तो असाच बसतो. श्रुती त्याच्यामागे उभी.

भाषणाचा कागद पर्समधून काढलाच नाही. म्हटलं—

"मंडळी, मानपत्रात एक चूक आहे. मी त्याग केलेला नाही. मला नोकरी आवडायची, पगार आवडायचा, आणि घरात माझा शब्द चालायचा ते तर फारच आवडायचं. लग्न मला करायचंच नव्हतं. भावाचं शिक्षण हे मी पुढे केलेलं कारण होतं. भावावर माझा जीव आहे, पण त्याच्यासाठी मी काही सोडलेलं नाही. जे केलं ते स्वतःच्या सुखानं केलं. तेव्हा माझं नाव सांगून कुठल्याही मुलीला घरात बसवू नका. शाल मात्र मी ठेवून घेते, छान आहे."

आवाज एकदाही कापला नाही! आधी कुणाला काही कळेचना. मग डॉक्टरबाईंनी टाळी वाजवली, मग मागच्या पोरींनी, मग बरीच वाजली. शंकरराव माइककडे धावले आणि म्हणाले, ताईंचा हा विनय! मी परत माइक ओढला, "विनय नाही हो, खरं सांगतेय." लोक पोट धरून हसले. सदुसष्टाव्या वर्षी आयुष्यातलं सगळ्यात चांगलं भाषण केलं मी. अभिमान वाटतोय, आणि तो इथे लिहायला मला कुणाची चोरी नाही.

जेवणाच्या रांगेत कांचन शेजारी आली. आवाज चढवला नाही तिनं. "बोललात छान, ताई. पण उद्या सकाळी ह्यांना उचलणार कोण?"

मी तिच्या ताटलीत मसालेभात वाढला. ती काही वाईट नाही, थकलीय.

१० मार्च, सोमवार

सकाळीच अशोककडे गेले. रागावला असणार, अशी तयारी ठेवून गेले. कांचननं दार उघडलं आणि आत निघून गेली. तो खिडकीशी. घरामागच्या रुळांवरून मालगाडी चालली होती, तिच्यापुढे तिथे काही ऐकूच येत नाही. मग हळूहळू, एकेक शब्द जुळवत म्हणाला, "ताई... म्हणजे मी... ओझं नव्हतो?"

बासष्ट वर्षांचा माणूस! सगळं आयुष्य हे उराशी घेऊन बसला होता! पास झाला तेव्हा, नोकरी लागली तेव्हा, लग्नात— माझ्या पाया पडताना तो नेहमी रडायचा, आणि मी समजायची, प्रेम आहे.

मी म्हटलं, "ओझं? वेड्या, तू तर माझा रुबाब होतास!"

मग दोघंही रडलो. मला रडायला आवडत नाही, पण रडले. त्यानं डाव्या हातानं श्रुतीला बोलावलं. म्हणाला, "जा. मला... ओझं... नको व्हायला. तुझं." कांचन दारात उभी होती. तिनं 'नको' म्हटलं नाही.

संध्याकाळी श्रुतीचा मेसेज— भेज दिया. हाँ लिख दिया, आत्या!!

१९ मार्च, रंगपंचमी

अशोकसाठी ठेवलेला माणूस दोन दिवसांत पळाला. नवा आलाय तो फोनमधून मान वर काढत नाही. कांचन मला काही सांगत नाही. शेजारच्या भाभींकडून कळलं.

३० मार्च, गुढीपाडवा

श्रीखंड घेऊन गेले तर दोघं जमिनीवर! श्रुती कामाला गेलेली, तो माणूस सुट्टीवर. कांचन अशोकला उठवायला गेली, गुडघा वळला, आणि दोघंही खाली. किती वेळ तशीच होती कोण जाणे. तिनं एका हातानं त्याचं डोकं फरशीपासून वर धरलं होतं. मी भाभींच्या मुलाला हाक मारली, उचललं. कुणाला फार लागलं नाही.

कांचननं साडी झटकली आणि पहिलं वाक्य काय, तर "श्रुतीला सांगू नका, ताई. थांबेल ती."

ह्या बाईला मी आजवर कमी लेखलं.

३१ मे, शनिवार

गेली!

एअरपोर्टवर पाया पडली. मी म्हटलं, "नीट टाके घाल." बॅग ओढत आत गेली, काचेपलीकडून हात केला, आणि मागे वळून बघणं बंद केलं. असंच जावं! माझ्या घराण्यातली पोरगी, दुनियेची जुनी कापडं वाचवायला निघाली. शेजारच्या अनोळखी बाईलाही मी सांगितलं, भाची आहे माझी, स्कॉटलंडला चाललीय. त्या म्हणाल्या, "बधाई हो, दीदी." मान ताठ ठेवून ती बधाई घेतली.

कांचन रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टेकून घरापर्यंत आली.

८ जून, रविवार. अशोका गार्डन.

सामान आलं. फ्लॅट भाड्यानं दिला. उद्यापासून सकाळी अशोकला उठवायचं काम माझं. श्रुतीला सांगितलं, एकटीला करमत नव्हतं. कांचनला सांगितलं, तिसरा मजला आता झेपत नाही. दोघींनी लगेच विश्वास ठेवला.

मला इथे अजिबात राहायचं नाही. हे कुणालाही कळू देणार नाही.