मिल लेन वॉर्डातून पाचव्यांदा

३ एप्रिल, सोमवार
अर्ज भरला. हार्नवेल बरो कौन्सिल, मिल लेन वॉर्ड, अपक्ष. पाचवी वेळ. आधीच्या चार पराभवांत माझी चूक एकदाही नव्हती. दोनदा पाऊस, एकदा फुटबॉलची मॅच, एकदा मतदार. या वेळी दर खेपेला निवडून येणारे म्हातारे पिंकनी निवृत्त झालेत, मैदान मोकळं. डोरीनला सांगितलं, आता कौन्सिलरची बायको म्हणून वावरायची सवय कर. ती म्हणाली, कौन्सिलरसाहेब, आधी कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून या.

५ एप्रिल, बुधवार
यादी लागली. दोनच नावं. दुसरं जेरल्ड ऑकेंडन!! आमचा शेजारी! भिंतीला भिंत! सोळा वर्षं मी या खुर्चीवर डोळा ठेवून आहे आणि हा कालपर्यंत गुलाबांना पाणी घालत होता. कुंपणावरून म्हणाला, लेन, राग मानू नकोस हं, त्या बसस्टॉपच्या छपरासाठी मी पत्रं लिहिली, छप्पर झालं, मग लोकच म्हणायला लागले उभा राहा. लोकच म्हणायला लागले! मला आजवर कुणी म्हटलेलं नाही. म्हणजे मी स्वयंस्फूर्त आहे. राग मानला नाही. फक्त अंगाचा तिळपापड झाला.

१५ एप्रिल, शनिवार
खिडक्यांतली पोस्टरं मोजली. जेरल्ड एकेचाळीस. मी तीन. त्यांतलं एक माझंच घर, एक विकायला काढलेलं रिकामं. पण आकड्यांत काय आहे? त्याच्या पोस्टरवर तो हसतोय. सवंगपणा. मीही हसरा फोटो काढून घेतला. डोरीनने विचारलं, दात दुखतोय का.
निश्चय: उद्यापासून त्याची पोस्टरं मोजायची नाहीत.

१६ एप्रिल, रविवार
चव्वेचाळीस.

२२ एप्रिल, शनिवार
दारोदार प्रचार. दोनशे घरं, एकही नकार नाही! लोक म्हणाले, तुम्ही आलात, बरं वाटलं. आम्ही नक्की विचार करू. केवढी धडपड करता हो तुम्ही. सगळी पक्की मतं म्हणून वहीत टिपली. एका बाईंनी तर दार न उघडताच आतून शुभेच्छा दिल्या.
सतरा नंबरच्या दारातल्या फटीतून पत्रक सरकवलं तर आतल्या कुत्र्याने बोटच धरलं. हाच कुत्रा जेरल्डपुढे पोट वर करून लोळतो. मी स्वतः पाहिलंय. पोटात दुखलं, कबूल करतो. कुत्र्यांना मत नसतं, एवढंच समाधान.
घरी आलो तर टेबलावर जेरल्डने चहाबरोबर खायला पाठवलेले गोड स्कोन. बोटाला लावायची पट्टीही त्यानेच आणून दिली. डोरीन म्हणते, माणूस भला आहे रे. भला म्हणे! ही त्याची चाल आहे. चार स्कोन खाल्ले, शत्रूचा साठा कमी व्हावा म्हणून.

४ मे, गुरुवार
मतदान. सकाळी सातलाच केंद्रावर, रांगेत पहिला. डोरीन म्हणाली, मी दुपारी एकटीच जाईन. बिचारी, भावना आवरत नसतील. माझा अंदाज: मला नऊशे, त्याला तीनशे. जेरल्डच्या सांत्वनासाठी दोन वाक्यं पाठ केली.

५ मे, शुक्रवार, दुपारी दोन
मोजणी झाली. मला ६११. जेरल्डला ६११. एक मतपत्रिका वादातली. निवडणूक अधिकारी बाईंनी ती आम्हा दोघांसमोर धरली. मताची फुली जेरल्डपुढे. खाली पेन्सिलीने लिहिलेलं: माफ कर लेन, पण चार वर्षं रोज जेवताना कौन्सिलच्या गोष्टी ऐकायची ताकद माझ्यात नाही.
बाई म्हणाल्या, मतदाराचं म्हणणं स्पष्ट आहे, मत ऑकेंडन यांना.
म्हणजे ६१२! जेरल्डला! पण मला नियम तोंडपाठ. मतदार कोण ते ओळखू आलं की मत बाद. मी ओरडलो, बाद करा ते, माझ्या बायकोचं अक्षर आहे!
पुरावा म्हणून खिशातली तिने दिलेली सामानाची यादी काढली. बटाटे, बेकन, साबण. ताडून पाहिली. अक्षर जुळलं. मत बाद. केवढा मोठा विजय! पाच मिनिटं मी बरोबरीत होतो.
मग नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या. जेरल्ड.
सांत्वनाची वाक्यं त्यानेच मला ऐकवली. माझ्यापेक्षा बरी होती.

५ मे, संध्याकाळ
बातमी माझ्याआधी घरी पोचलेली. डोरीन म्हणाली, चार वेळा तुलाच मत दिलं, ते कुणाला सांगितलं नाहीस. एकदा नाही दिलं तर गावभर बोंब मारलीस.
तेवढ्यात जेरल्ड आला, शेरीची बाटली घेऊन. कौन्सिलर जेरल्ड. तिघांसाठी शेरी ओतली. मग म्हणाला, लेन, तुझ्यापासून लपवणार नाही. स्वतःच्याच नावापुढे फुली मारायची म्हणजे मला कसंतरीच वाटलं रे. बरं दिसत नाही ते. म्हणून माझं मत मी तुला दिलं.
म्हणजे ६११ मधलं एक त्याचं. स्वतःला दिलं असतं तर तो सरळ जिंकला असता, मला ओरडायची वेळच आली नसती. भलेपणातसुद्धा हा माणूस माझ्या पुढे!
तू कुणाला दिलंस, असं जेरल्डने विचारलं नाही.
डोरीनने विचारलं.