डायरेक्ट

१४ जून २००२
आई पुन्हा म्हणाली, फ्रिजला हात लावला की झिणझिण्या येतात. गंमत सांगावी तसं. आंघोळ करून ओल्या पायांनी, अनवाणी. देव्हारा स्वयंपाकघरातच, म्हणून तिथे चप्पल बंद.
टेस्टर लावला. पेटला.

१६ जून
बोर्ड उघडला. सॉकेट तीन पिनांचं, पण अर्थिंगची वायर मागे नुसतीच लोंबतेय. वायरिंग बाबांनी स्वतः केलेलं. मी ती जोडली.
बाहेरच्या खोलीत मेनजवळ ई.एल.सी.बी. बसवला. करंट कुठे गळला की अख्ख्या घराची लाईट घालवतो. त्यावर एक छोटी कळ. दाबली की अंधार व्हायलाच हवा, म्हणजे तो जागा आहे. आईला दाखवलं.
"अगंबाई, हा तुझ्यासारखाच. जरा काही झालं की रुसतो."

२ जुलै
पाऊस. भिंतींना ओल. तीनदा लाईट गेली, तिन्ही वेळा बाबांच्या बातम्या चालू असताना.
"हे घर आहे की तुझा अंबडचा कारखाना?"
म्हटलं, गळती आहे, शोधू.
"इतकी वर्षं कुणाला काय झालं?"
याला उत्तर आहे, पण ते आईसमोर देता येत नाही.

५ जुलै
कामावरून आले. बाबा खुशीत. "डायरेक्ट केलंय."
ई.एल.सी.बी. भिंतीवर तसाच, दिसायला शहाणा. त्याला वगळून बाजूने वायर. दिवसभर मी लोकांची पॅनेलं तपासून सही करते.
वायर काढली.

११ जुलै
गीझरची वायर बदलली. तरी एकदा गेलीच. म्हणजे अजून कुठेतरी गळतंय.
सोमवारी पुण्याला, कंपनीचं ट्रेनिंग. बाबांना म्हटलं, मी येईपर्यंत डायरेक्ट करू नका.
"हो हो." एकदाच 'हो' म्हणाले असते तर बरं.

२१ जुलै, पुणे
फोन केला. आई : "काल दोनदा गेली बाई लाईट. हे नुसते वैतागलेत."
म्हणजे तो जागा आहे. आज नीट झोप लागेल.

४ ऑगस्ट, पुणे
फोनवर आई : "आता नाही हं जात लाईट. छान झालंय."
"दुरुस्त कुणी केलं?"
"ह्यांनीच केलं काहीतरी."
गळती सापडली, की पुन्हा डायरेक्ट?
"आई, हात कोरडे कर. चप्पल घाल. ती कळ दाबून ये."
"आत्ता? हे बातम्या बघतायत."
"आत्ता."
"बाई बाई... थांब."
रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. मागे टीव्ही. तो बंद व्हायची वाट बघत उभी राहिले.