डोंगरावरची एर्लिस

१ नोव्हेंबर
घोडी आणली. एर्लिस. पांढरीशुभ्र, गाभण. वसंतात शिंगरू!
वेल्श पोनींचे चार प्रकार मला झोपेतून उठवून विचारा. सेक्शन ए म्हणजे डोंगरी तट्टू, बर्फ खाऊन जगणारं. बी सवारीचं, देखणं पण नाजूक. सी ठेंगणा कॉब, म्हणजे दणकट, जाड हाडाचा; डी मोठा कॉब. एर्लिस ए आहे. कागदावर बी लिहिलंय. कारकुनाची चूक.

३ नोव्हेंबर
उंची मोजली. ए-ची मर्यादा अठ्ठेचाळीस इंच. भरली एक्कावन्न. अंगणाला उतार आहे.

४ नोव्हेंबर
रस्त्यावर मोजली. एक्कावन्न. टेप पावसात आटला असणार.

७ नोव्हेंबर
शेजारीण ओल्वेन आली. सत्तर वर्षं हिची तट्टं या डोंगरावर चरतात, म्हणून हिला वाटतं सगळं हिलाच कळतं. म्हणाली, इद्वाल, ही बी आहे रे बाबा, थंडीत वर सोडलीस तर शिंगरू हातचं जाईल. आमच्या तट्टांना आडोसा त्यांच्या आया दाखवतात, हिला कोण दाखवणार? मी म्हटलं, ते रक्तातच असतं. ती हसली नाही. एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला हसते.

१० नोव्हेंबर
एर्लिसला वर सोडलं. फाटक लावलं तरी बराच वेळ तिथेच उभी. लळा लागलाय माझा.

२४ नोव्हेंबर
ओल्वेनची तट्टं न बोलावता खाली आली. सगळी, रांगेने. एर्लिस त्यांत नाही. नेस्ता म्हणाली, अहो, वर जाऊन बघा तरी. बायकोला माझा दुखरा गुडघा दिसत नाही.

२६ नोव्हेंबर
रात्रभर बर्फ. आपल्या फाटकाशी खुरांनी बर्फ तुडवलेला. ओल्वेनचीच तट्टं, दुसरं कोण?
दुर्बीण लावली. कड्याखाली एर्लिस उभी! ढिम्म. याला म्हणतात ए.

२९ नोव्हेंबर
तिथेच. शेपूटसुद्धा हलत नाही. नेस्ता रोज गाजरं घेऊन ओल्वेनकडे जाते. कशाला, विचारलं. म्हणाली, तुम्ही वर कधी जाताय?

३ डिसेंबर
चॅपलच्या हॉलमध्ये माझं भाषण, ‘चार प्रकार ओळखा’. एर्लिसचा दाखला दिला. कोणी टाळी वाजवली नाही. थंडीमुळे हात खिशात असतील.

८ डिसेंबर
तिथेच. गवत कुठलं खाते? आज दुर्बीण फार वेळ धरवली नाही. उद्या नक्की वर जाणार.

९ डिसेंबर
धुकं. बरं झालं.

१२ डिसेंबर
बर्फ वितळला. सगळा डोंगर काळा, एर्लिस तेवढी पांढरी. भीती वाटली. गेलो.
दगड होता. गारगोटीचा, छातीएवढा. सतरा दिवस मी त्याचं कौतुक करत होतो.
धावत ओल्वेनकडे गेलो. एर्लिस तिच्या तबेल्यात, अंगावर घोंगडी. नेस्ता गाजर भरवत होती. ओल्वेन म्हणाली, बर्फाच्या रात्री आधी तुझ्याच फाटकाशी उभी होती, पहाटे माझ्याकडे आली. तिसऱ्या दिवशी गाभ टाकला.
मला का नाही सांगितलं, विचारलं. तू घोडीची चौकशी करायला येशील म्हणून आम्ही दोघी थांबलो, म्हणाली.
एर्लिसला हाक मारली. तिने मान वळवली नाही.
ती बी आहे. एक्कावन्न इंच.