कामगंध म्हंजे कामाचा वास

मु. वडनेर भोलजी

चि. मंजुश्रीले केसर मावशीचा मायेचा जयभीम. मी बरी हावो, म्हैसबी बरी हाये. तू अकोल्याले पोटभर जेवत जा, किड्याच्या डोक्याचा अभ्यास उपाशी पोटी होत नाही (भरल्या पोटी काय होते, तुलेच ठाऊक). फोनवर बोललं का शेजारची धम्मशीला आइकते, म्हणून लिहून राह्यली.

बोंडअळीसाठी कृषीवाल्या पोरानं वावरात लावाले सापळे देल्ले, संगं वासाच्या गोळ्या. खोक्यावर लिहिलं होतं, कामगंध. मी अक्षर जोडून वाचलं अन् समजली, कामाचा वास. म्हटलं चांगलं हाये, राबणाऱ्या बाईच्या घामाची गोळी काढली कोणीतरी. एक उरली, ते पदराच्या गाठीत बांधली. सांजच्याले वावरातून निघाली त राखाडी बारकी पाखरं माह्या मांगं. कापसाच्या पऱ्हाटीवरून उन्हं उतरत होती अन् ते अशी तरंगत येत, जशी चुलीतली राख उडाली अन् खाली पडाचं इसरली. मी थांबली. मले थांबाची सवय नाही, तुले माहीत हाये. थांबलीच.

तशीच विहारात वंदनेले गेली, पाखरं खांद्यावर. तुह्ये मावसाजी चारचौघात म्हणे, "लुगडं झटक ते." मी म्हटलं, "कामगंध हाये हा. तुमच्याजवळ एकबी पाखरू येत नाही, काऊन?" सारा विहार हसला. मले वाटलं, त्याईच्या आळसाले हसले. ते उठले अन् थेट बीबी गावाले, आपल्या बहिणीच्या घरी. अजून आले नाहीत.

मंग तू सांगतलं का हे काम दुसरं, नरमादीचं. वास मादीचा, अन् नर तो मिशीनं हुंगते. विहार काऊन हसला ते तवा समजलं (त्या खोक्यावर लिहिणाऱ्याले मराठी येत नाही). पण तुही एक गोष्ट डोक्यातून जात नाही, का नराच्या डोक्यात त्या एका वासासाठी येगळी मोठी खोली असते, बाकी वासाईले बारक्या. रोज सांजच्याले वट्यावर बसून मले ते खोली दिसते. आत कोणीच नाही. दुरून वास येते अन् दिवा लागते. आमच्या घरात त दोनच खोल्या, अन् एकीत मागल्या सालचा कापूस.

माणसाच्या डोक्यात अशी खोली असते काय, पुस्तकात पाहून लवकर कळव.

तुही मावशी
केसर

ता.क. मावसाजीले फोन कर. म्हणा, येचणी आली, हात कमी हायेत. माहं नाव घेऊ नको.

आणखी एक. फोन नाही केला तरी चालते. गोळी अजून पदरातच हाये, अन् कालपासून वारा सातपुड्याकडून निघून बीबीकडं जाऊन राह्यला.