फादरनं न दिलेलं प्रायश्चित्त

मोरबी, १० मार्च

प्रिय दैवशालाक्का,

सप्रेम सलाम. तू कितीही फादरची बाजू घे, मला पटणार न्हाई. फोनवर भाऊजी बाजूलाच असतात म्हणून तूच लिहायला लावलंस, तर आता पूर्ण वाच. आपली अर्पिता पहिल्या कम्युनियनच्या आधी पापनिवेदनाला, आपली पापं कबूल करायला गेल्ती. भाऊजींचा चुलतभाऊ भागवत शाळेतून आणताना तिच्या अंगाला कसा हात लावतो, ते तिनं तिथं फादरला सांगितलं. मंग फादर गप का? आमचा भट्टीवरचा सुपरवायजर म्हणतो, लेकराबद्दल असं कळलं की कुणीबी असो, पोलिसाला सांगायलाच लागतं, न्हाई तर त्यालाच आत टाकतात. फादरला कायदा निराळा हाय का? तू म्हणतीस, पापनिवेदनातलं फादर जीव गेला तरी बोलत न्हाईत. अन् लेकराचा जीव गेला तर? ज्याला माहीत हाय अन् जो गप बसतो, तो भागवतच्याच बाजूचा.

मी येऊन त्याचे पाय मोडतो म्हणलं की तू रडतीस. इथं माझं कामात बिलकुल ध्यान न्हाई. तू जेवत जा.

चिडलो तरी तुझाच,
अंगद

टेंभुर्णी, १८ मार्च

चि. अंगदास,

प्रभू तुला सांभाळो. तुझं अक्षर अजून कोंबडीच्या पायावाणीच हाय, तरी दोनदा वाचलं.

मला कसं कळलं ते लिहायचं राह्यलं होतं. त्या दिवशी समद्या पोरांना प्रायश्चित्त म्हणून तीन-तीन नमो मरिया म्हणायला मिळाल्या. अर्पिताला काहीच न्हाई. फादर तिला एवढंच म्हणले की हे तुझं पाप न्हाई, आईला सांग. पोर घरी येऊन रुसून बसली. विचारू लागली, माझं पाप एवढं मोठं हाय का, की त्याला प्रायश्चित्तच न्हाई? कोणतं पाप गं, म्हणले मी, तवा समदं निघालं. भागवतचं पाप आपलं समजून सांगायला गेल्ती रे लेकरू.

जो गप बसतो तो भागवतचा, असं तू लिहिलंस. फादरला तरी शपथ हाय. मला कसली होती? मला कळून आठवडा झाल्ता, अन् तुझे भाऊजी चुलतभावाची इज्जत-इज्जत करीत होते म्हणून मी गप. रविवारी मिस्सा झाल्यावर चर्चच्या बाहेर बाकावर फादरला मी समदं सांगितलं. बाकावरचं बोलणं म्हणजे पापनिवेदन न्हाई. माझं झालं तसे ते उठले अन् गाडीला किल्ली लावली. आम्ही दोघं ठाण्यात गेलो. साहेबांनी विचारलं, तुम्हाला कधी कळलं? फादर म्हणले, या बाईनं मला आज सांगितलं. त्याच्यापुढं एक शब्द न्हाई. भागवतला नेलं. तुझे भाऊजी माझ्याशी बोलत न्हाईत, पण अर्पिताला शाळेत आता तेच सोडतात.

पोर मात्र कम्युनियनचा पांढरा फ्रॉक नको म्हणती. पांढरं मला चालणार न्हाई, म्हणती. तुझं ऐकती ती. काहीतरी लिही.

तुझी,
आक्का

मोरबी, २७ मार्च

आक्का,

सलाम. फादरला मारलेला दगड तुला लागला, माफ कर. पण तू ठाण्यात गेलीस, हे पाय मोडण्याहून बराबर केलंस.

फादरचं अजून मला पटलं न्हाई. अर्पिता रुसलीच नसती अन् नुसती खेळायला गेली असती, तर? एकदा त्याच बाकावर बसून विचार त्यांना. त्यांनी किल्ली लावली, तेवढा त्यांना माझा सलाम सांग.

खालचं अर्पिताला वाचून दाखव.

अर्पे, माझ्यासंगं शाळेत असलेल्या वसंतानं लहानपणी चर्चमागच्या झाडाचे पेरू चोरले. त्याला पाच नमो मरिया पडल्या, अन् त्या त्यानं रडत-रडत म्हणल्या. झाडाला कुणी काहीच म्हणायला लावलं न्हाई. तू झाड हायेस बाई. म्हणून तुला प्रायश्चित्त न्हाई.

फ्रॉक पांढराच घ्यायचा, घेरवाला, झालरीचा. त्याचा खर्चा मामाचा. मया असू दे दोघींची. आक्काच्या खात्यावर टाकून राह्यलो, अठराशे रुपये.