जप्त केलेल्या कांद्याबाबत

प्रति,
मा. शिक्षण विस्तार अधिकारी साहेब,
पंचायत समिती, साक्री, जि. धुळे.

विषय : कांदा ही कॉपी नसल्याबाबत व मला दहावीत बसू देण्याबाबत.
संदर्भ : शाळेचा जप्ती अहवाल, दि. १६ एप्रिल १९९१.

महोदय,

सविनय सादर करते की, वडिलांच्या बदलीमुळे मी डिसेंबरात लांज्याहून (जि. रत्नागिरी) येथे आले व नववीत दाखल झाले. माझा निकाल राखून ठेवला आहे. कारण : कांदा.

१. लांज्याला उन्हाळ्यात घाम येतो. येथे तो बाहेर येण्याआधीच वाळतो. मार्चमध्ये मी प्रार्थनेला दोनदा चक्कर येऊन पडले. तेव्हा शेजारच्या पुष्पाबाई म्हणाल्या, "पोरी, खिसामा कांदा ठेव, ऊन लागाव नई." स्कर्टला खिसा नव्हता, तो आईने आतून शिवून दिला. अहवालात त्याला 'चोरखिसा' म्हटले आहे.

२. भूगोलाच्या पेपरला मी पुरवणी मागायला उठले आणि कांदा घरंगळत पर्यवेक्षक श्री. शालिग्राम सरांच्या चपलेपाशी थांबला. सरांच्या स्वतःच्या खिशातही कांदा होता, हे मी तेथेच नम्रपणे निदर्शनास आणले. सर म्हणाले, "आम्ही इथले आहोत. कोकणातली पोर कांदा कशाला बाळगेल? आत चिठ्ठी असणार." मग माझ्याच बाकावर त्यांनी तो सोलला आणि एकेक पापुद्रा उजेडाला धरून वाचून पाहिला. चिठ्ठी निघाली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी मात्र आले. अहवाल म्हणतो : 'विद्यार्थिनी रडली, सबब गुन्हा कबूल.' सर माझ्यापेक्षा जास्त रडत होते. ते अहवालात नाही.

३. उरलेला गाभा पाकिटात घालून, लाख लावून, कार्यालयातील कपाटात ठेवण्यात आला. १८ जूनला सुनावणी होती. दहा मिनिटे पाऊस पडला म्हणून एकही सर आले नाहीत. असल्या पावसात लांज्याला आम्ही कपडे वाळत घालतो. मी पानांचे इरले डोक्यावरून पाठीवर घेऊन वेळेवर हजर झाले. शिपाई हिलालभाऊ मला पाहून ओरडले, "अरे, झोपडी चालत येई राहिनी!" त्यांची साक्ष घेता येईल.

४. सदर कपाट गळक्या कौलांखाली आहे. सहा दिवसांनी पाकिटातून हिरवी पात बाहेर आली. मुख्याध्यापक म्हणतात, पुराव्यात फेरफार झाला, आणि सुनावणीच्या दिवशी हजर फक्त मी होते. म्हणजे आता माझ्यावर दोन गुन्हे आहेत. त्यांतला दुसरा रोज वाढतो आहे.

५. मला नववीतही घेत नाहीत आणि दहावीतही नाही. दोन्ही वर्गांच्या मधल्या ओट्यावर मी बसते. डाव्या कानाने नववीचे बीजगणित येते, उजव्या कानाने दहावीची भूमिती. पागोळ्या वहीवर पडतात. पावसाचे मला काही वाटत नाही, साहेब, पण मला दहावी करायची आहे. उजव्या कानाचे सगळे समजते.

तरी विनंती की, सोबतचा कांदा आपण स्वतः, आपल्या टेबलावर, साक्षीदारांसमक्ष सोलावा. आपले डोळे कोरडे राहिले, तर मी एक शब्दही न बोलता पुन्हा नववीत बसेन. पाणी आले, तर डोळे पुसण्यापूर्वी माझ्या दहावीच्या आदेशावर सही करावी.

आपली नम्र व तूर्त कोणत्याही इयत्तेत नसलेली,
कु. हेमांगी यशवंत शिरधनकर
साक्री, दि. २ जुलै १९९१

सोबत :
१. जप्ती अहवालाची नक्कल.
२. पुष्पाबाईंचा जबाब (अंगठा).
३. कांदा, नग एक, न सोललेला.